संग्राहकाचं नाव

"श्वास घ्या," तिने माइकमध्ये सांगितलं, "अजून घ्या... आता रोखून धरा," आणि बटण दाबलं. जाड काचेपलीकडे एक म्हातारे गृहस्थ छाती पाटीला टेकवून, हनुवटी वर करून उभे होते. क्ष-किरण विभागात तिला एकवीस वर्षं झाली होती. ही वाक्यं ती दिवसाला साठ-सत्तर वेळा म्हणायची. झोपेतही म्हणते, असं आई सांगायची. शेवटचं वाक्य 'सोडा'. ते त्या दिवशी राहून गेलं. बटण दाबता दाबता शेजारी ठेवलेल्या फोनचा पडदा उजळला आणि तिने नुसती नजर टाकली. काल तिने संकेतस्थळावर टाकलेल्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'फुलाच्या नादी लागू नका. देठाला चिमटा काढून बघा. हे रडक्यांपैकी वाटत नाही.' तिने ते एकदा वाचलं. मग 'रडक्यांपैकी' एवढाच शब्द पुन्हा वाचला. मोठ्या पडद्यावर गृहस्थांच्या बरगड्या उमटून कधीच्या स्थिर झाल्या होत्या. काचेपलीकडून, तोंड भिंतीकडेच ठेवून, कोंडलेला आवाज आला, "मॅडम, सोडू का आता?"

"सोडा, सोडा. माफ करा," ती म्हणाली. गृहस्थ शर्टाची बटणं लावत बाहेर आले आणि दारात थबकून म्हणाले, "मला वाटलं, आत काहीतरी बघण्यासारखं सापडलं तुम्हाला." ती हसली. पुढच्या बाईंना तिने आत घेतलं, नाव विचारलं, गळ्यातली साखळी काढून ठेवायला सांगितलं. हात आपापलं काम करत होते. ती मात्र त्या शब्दापाशी उभी होती, रस्त्यात कुणीतरी लहानपणच्या नावाने हाक मारावी आणि वळून बघायची हिंमत होऊ नये, तशी.

त्या संकेतस्थळावर लोक आपापल्या भागातल्या रानफुलांचे फोटो टाकत आणि इतर कुणी ती ओळखून नाव सांगत. बाबा गेल्यानंतरच्या वर्षी तिने तिथे खातं उघडलं, 'सकाळपाळी' या नावाने. तीन वाजता पाळी संपली की ती बस टाळून चालत घरी यायची. इस्पितळाच्या धुलाईघरामागची ओलसर भिंत, मग कालव्याची कड, मग पुलाखालचा मातीचा ढीग, जिथे बांधकामवाल्यांनी टाकलेल्या रेतीबरोबर कुठल्या कुठल्या बिया येऊन पडलेल्या असत. ती उकिडवी बसायची, श्वास रोखायची आणि फोटो काढायची. येणारे-जाणारे आधी थांबून बघत, मग तिचं काही हरवलंय असं समजून शोधायला मदत करत. "काय पडलं, बाई?" असं एकदा एका पोस्टमनने विचारलं होतं, आणि 'फूल बघतेय' हे उत्तर ऐकून तो जरा नाराजच झाला होता. फोटोखाली ती फारसं लिहीत नसे. ठिकाण, तारीख, उंची एवढंच. फुलांच्या दुकानातली, बागेतली, बाहेरून आणून लावलेली फुलं तिला नको असत. तिला हवी असत ती इथलीच, कुणी न लावलेली.

चिमटा काढल्यावर ज्यांच्या देठातून पांढरा चीक येतो ती झाडं म्हणजे रडकी. हा शब्द कुठल्याही पुस्तकात नव्हता. तो त्यांच्या घरातला शब्द होता, दादाने केलेला. बाबा महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहात मदतनीस होते. प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी रानातून झाडं तोडून आणत. ती दाबून वाळवायची, जाड पांढऱ्या शीटवर चिकटवायची, खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची आणि पोलादी कपाटात रचून ठेवायची, हे बाबांचं काम. रविवारी मात्र ते स्वतःसाठी निघत आणि दोघा मुलांना घेऊन टेकडीवर जात. बाबा बोलत कमी. "पान बघ," म्हणत. "फूल काय, चार दिवस असतं. पान बघायला शीक." दादा तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. तो पुढे धावायचा, गुडघ्यावर बसायचा आणि ओरडून विचारायचा, "बाबा, हे रडकं आहे की कोरडं?" मग तिच्या दंडाला चिमटा काढायचा. "हे तर पक्कं रडकं," म्हणायचा. ती खरंच रडायची. मग तो तिला खांद्यावर घ्यायचा आणि उतारावरून मुद्दाम तिरका पळायचा, आणि ती त्याच्या केसांना धरून ओरडायची, आणि बाबा मागून म्हणायचे, "पाडशील तिला," पण आवाजात धाक नसायचा. या सगळ्याला आता किती वर्षं झाली हे मोजावं लागत नव्हतं. दादाला शेवटचं पाहून सव्वीस वर्षं झाली होती. तो आकडा तिला स्वतःच्या वयासारखा पाठ होता.

डबा खाण्याच्या सुट्टीत तिने त्या माणसाचं खातं उघडून पाहिलं. नाव घेतलं होतं 'आगंतुक'. इथलं नसलेलं, दुसऱ्या मुलखातून येऊन रुजलेलं जे झाड, त्याला संग्रहाच्या वहीत बाबा 'आगंतुक' लिहीत. सहा वर्षांत या माणसाने चार हजारांवर फुलं ओळखून दिली होती, बहुतेक सगळी या टेकडीच्या, या कालव्याच्या आसपासची. तिच्याही काही फुलांना त्याने नाव दिलेलं होतं, पण नुसतं नाव, म्हणून तिचं कधी लक्ष गेलं नव्हतं. स्वतःचा एकही फोटो टाकलेला नव्हता. म्हणजे इथून दूर कुठेतरी बसून तो रोज या गावाची माती बघत होता, दुसऱ्यांच्या डोळ्यांनी. तिच्या हातातला घास तसाच राहिला. मग ती स्वतःला म्हणाली, बाबांनी हे दोन्ही शब्द विद्यार्थ्यांसमोर वापरले असतील. वीस-बावीस वर्षांत किती विद्यार्थी आले नि गेले. कुणीही असू शकतं. उगाच सुतावरून स्वर्ग नको गाठायला. असं म्हणत म्हणत तीन वाजले आणि ती नेहमीच्या दुप्पट वेगाने धुलाईघराच्या भिंतीकडे गेली.

तिथे विटांच्या फटीत एक निळसर फूल यायचं, नखाएवढं, ओठ मुडपल्यासारखं. तिने ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. नावही ठाऊक होतं. तरी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'कृपया ओळखा. घरी कुंडीत लावता येईल का?' दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर होतं. नाव होतं, आणि पुढे, 'लावू नका. भिंत सोडली की हे मरतं. मी लहानपणी सात डब्यांत सात वेळा मारलंय.' सात डबे. स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने मांडलेले, आईचे रिकामे डबे, प्रत्येकावर दादाने खडूने आकडा घातलेला. सातवं रोप वाळलं त्या दिवशी तो जेवला नव्हता आणि आई म्हणाली होती, "एवढं जीव टाकून पाणी घातलंस तर मरेल नाही तर काय." ती बसथांब्याच्या बाकावर बसली. दोन बस आल्या आणि गेल्या. कामावर उशीर झाला, आणि का झाला हे विचारणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तिने सांगितलं, चपलेचा पट्टा तुटला.

त्यानंतर ती रोज एक फोटो टाकायची. एकच. जास्त टाकले तर त्याला संशय येईल, किंवा कंटाळा, आणि दोन्हींत काय जास्त वाईट हे तिला ठरवता येत नव्हतं. तो उत्तर द्यायचा. 'पानाची खालची बाजू दाखवा.' 'लव आहे का देठावर? बोट फिरवून सांगा.' मग ती दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे जायची, बोट फिरवायची आणि लिहायची, 'आहे. मांजराच्या कानासारखी.' त्यावर त्याने एकदा लिहिलं, 'छान सांगता तुम्ही.' ते 'तुम्ही' तिला आत कुठेतरी लागायचं, आणि हवंही असायचं. कारण 'तुम्ही' होतं तोवर बोलणं चालू राहणार होतं. आपण कोण हे सांगितलं तर? तो खातं बंद करेल. मागेही त्याने हेच तर केलं होतं. आधी दर आठवड्याला पत्र, मग महिन्याला, मग पत्ता बदलल्याचं एक कार्ड, मग तेही नाही. आईने त्या शेवटच्या पत्त्यावर अकरा पत्रं पाठवली. तीन परत आली, आठ कुठे गेली देव जाणे. बाबा गेले तेव्हा कळवायचं कुठे हाच प्रश्न होता. आणि आता तोच माणूस तिला विचारत होता, फांदी चौकोनी आहे की गोल. ती फांदी बोटांत धरून गोल गोल फिरवायची. संध्याकाळचं ऊन पाण्यावरून उठून पुलाच्या पोटावर हलत असायचं, आणि तिला वाटायचं, आपण एका मोठ्या घराच्या दारात उभे आहोत, आतून भांड्यांचा आवाज येतोय, आणि आपण कडी न वाजवता नुसतं ऐकतोय. एवढंच पुरे का नाही? पण पुरत नव्हतं. पुरत नव्हतंच, कारण एक गोष्ट होती.

ती चौदा वर्षांची होती, दादा एकोणीसचा. पावसाळा सरत आलेला. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला कातळाचं एक पसरट पठार होतं. तिथे तो एकटाच गेला होता, आणि टोपीत काहीतरी घालून आणलं. फिकट पिवळं फूल, पाच पाकळ्या, त्यांतल्या एकीवरच तांबडे ठिपके, जणू कुणाचा तरी ब्रश झटकताना उडालेले. बाबांनी ते टेबलावर ठेवलं, भिंगाखाली धरलं, पुस्तकं काढली. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे या भागात आजवर कुणाला मिळालेलं नाही. एकाही वहीत नोंद नाही." दादाचा चेहरा तिला अजून दिसतो, हसू येत होतं आणि ते दाबायची त्याची धडपड चालली होती. झाड वाळलं, शीटवर चढलं. घरी सगळ्यांत चांगलं अक्षर तिचं, म्हणून चिठ्ठी लिहायला बाबांनी तिलाच बसवलं. दादा घरी नव्हता. बाबा खिडकीकडे तोंड करून सांगत होते आणि ती बोरूने काळ्या शाईत लिहीत होती. स्थळ. उंची. तारीख. मग 'संग्राहक' या शब्दापुढे ती थांबली आणि म्हणाली, "दादाचं नाव ना?" बाबांनी खिडकीची कडी उघडली, परत लावली. मग म्हणाले, "माझं लिही." तिने वर पाहिलं. ते खिडकीबाहेरच बघत होते. अठरा वर्षं दुसऱ्यांनी आणलेली झाडं चिकटवणारा माणूस. हजारो चिठ्ठ्या लावलेल्या, एकीवरही स्वतःचं नाव नाही. हे तिला आत्ता कळतं. तेव्हा कळलं ते एवढंच की बाबांना हो म्हणायचं असतं. तिने लिहिलं. सुंदर लिहिलं.

विभागप्रमुखांनी येऊन बाबांची पाठ थोपटली, आणि त्या वर्षीच्या अहवालात एक ओळ छापून आली. दादाने शीट पाहिली ती संग्रहात जाऊन. घरी आला, तिच्या शेजारी बसला. ती गणितं सोडवत होती. तो म्हणाला, "अक्षर छान आलंय." बस. तो ओरडला असता, चिमटा काढला असता, तर ती रडून मोकळी झाली असती. पुढच्या उन्हाळ्यात तो शिकायला दूरच्या शहरात गेला आणि तिथून आणखी दूर. एका चिठ्ठीवरून कुणी घर सोडत नाही, हे ती स्वतःला अनेकदा सांगत आली होती. त्याच्या आणि बाबांच्या मधे इतरही खूप काही असणार. तरुण मुलगा आणि अबोल बाप यांच्यात जे असतं ते सगळं. पण ते बाकीचं तिने पाहिलेलं नव्हतं. तिने लिहिलेली होती ती चिठ्ठीच.

आईला ती यातलं काही बोलली नाही. आई एकोणऐंशीची, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. दादाचं नाव घरात निघत नसे. बंदी कुणी घातली नव्हती, नुसतं निघत नसे, जसं दुखऱ्या दाताने कुणी चावत नाही तसं. "हल्ली फोनमध्ये फार हसतेस," आई एकदा म्हणाली. "या वयात कुणी भेटला असेल तर सांग बाई, मी काही आडवी येणार नाही." "फुलं बघते, आई." "फुलं बघून कुणी असं हसत नाही. तुझ्या बाबांनीही आयुष्यभर फुलंच बघितली. हसले का कधी?" तिने फोन उपडा ठेवला. आशा दाखवायची आणि मग खातं बंद झालेलं दाखवायचं, हे आईच्या वाट्याला पुन्हा आणायचं नव्हतं.

पण मग त्याने स्वतःहूनच एक गोष्ट विचारली. तिच्या एका फोटोखाली, नाव सांगून झाल्यावर, 'टेकडीपलीकडे कातळाचं पठार आहे, तिथे कधी गेलात का? पावसाळ्याच्या शेवटी एक फिकट पिवळं फूल यायचं, एका पाकळीवर तांबडे ठिपके. अजून येतं का, बघायला आवडेल.' तिने ते कामावर असताना वाचलं आणि प्रसाधनगृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. पावसाळा सरत होता. रविवारी ती गेली. पठारापर्यंत जायला पूर्वी दोन तास लागत; आता पायथ्यापर्यंत घरं आली होती आणि अर्ध्या वाटेपर्यंत डांबर. वर पोचली तर कातळ नव्हताच. दगडाची खाण झाली होती, खोल, तळाशी हिरवं पाणी. ती कडेकडेने तासभर फिरली, वाकून वाकून. गवत होतं, काटे होते, दोन जातींची आगंतुक तणं होती. पिवळं काही नव्हतं. परत येताना गुडघे दुखत होते आणि तिला कळेना, हे त्याला कसं सांगायचं. ते फूल आता कुठे असेल तर एकाच ठिकाणी.

मंगळवारी रजा टाकून ती महाविद्यालयात गेली. संग्रह तळमजल्यावरच होता, तीच पोलादी कपाटं, तोच डांबराच्या गोळ्यांचा वास, जो बाबांच्या कोटाला कायम असायचा. बाबांच्या जागी आता एक तरुण बाई होती, जाड चष्म्याची, हातात पांढरे मोजे. शीटचे फोटो काढून संगणकात चढवायचं काम चाललं होतं. "कुठली शीट?" तिने विचारलं. हिने फुलाचं वर्णन केलं, वर्ष सांगितलं. चष्मेवाली कपाटाशी गेली, एक जाडसर पाकीट काढलं, टेबलावर आणून दोन्ही हातांनी उघडलं. "फार जपून हं. या जातीची आपल्याकडे एवढीच." पिवळा रंग केव्हाच उडून तपकिरी झाला होता. ठिपके मात्र होते, जरा गडद झालेले. उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी, काळ्या शाईतली, वळणदार, चौदा वर्षांच्या मुलीची. आणि त्या चिठ्ठीच्या डावीकडे आणखी एक, छोटी, निळ्या शाईतली. ती तिने कधी पाहिली नव्हती.

"ही कसली?" तिने विचारलं. "दुरुस्ती," चष्मेवाली म्हणाली. "इथे जुनी चिठ्ठी काढत नाहीत ना. चूक असली तरी राहू द्यायची. बरोबर काय ते शेजारी चिकटवायचं, तारीख घालायची. ही एक आम्ही सगळे नवीन आलेल्यांना दाखवतो, जरा वेगळी आहे म्हणून." ती वाकली. अक्षर बाबांचं होतं, किरटं, डावीकडे कललेलं. 'दुरुस्ती. संग्राहक मी नाही. हे झाड माझ्या मुलास मिळाले. त्यानेच ते आणले. वरील नाव माझ्या सांगण्यावरून घातले गेले. लिहिणारीचा दोष नाही.' खाली सही आणि तारीख. दादा गेल्यानंतर दीड वर्षाची. म्हणजे त्यानंतर बाबा पंधरा वर्षांहून जास्त जगले. त्यांच्याबरोबर तिने एका टेबलावर रोज जेवण केलं, शेवटच्या आजारात त्यांच्या छातीचे फोटो स्वतः काढले, 'श्वास रोखून धरा, बाबा' म्हणाली, 'सोडा' म्हणाली. आणि त्यांनी हे एका शब्दाने सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल, लिहून चिकटवलं, तारीख घातली, संपलं. त्यांच्या कामात दुरुस्ती अशीच करायची असते. कुणी येऊन कपाट उघडेल आणि वाचेल. आज नाही तर पन्नास वर्षांनी. "बसता का जरा?" चष्मेवालीने खुर्ची ओढली. "डांबराच्या गोळ्यांनी होतं असं. मलाही पहिला महिना चक्कर यायची." "नाही, ठीक आहे," ती म्हणाली. "लिहिणारी मी आहे." चष्मेवालीने तिच्याकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे, आणि मोजे काढून ठेवून पाण्याचा ग्लास आणला.  फोटो काढायची परवानगीही तिने न मागताच दिली, दिवाही नीट वळवून दिला.

संकेतस्थळावर खासगी निरोप पाठवायची सोय होती. बुधवारी दुपारी, पाळी संपल्यावर, कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर बसून तिने लिहिलं. लांबलचक लिहिलं, पुसलं. रागाने लिहिलं, पुसलं. माफी मागितली, पुसली. शेवटी शीटचा फोटो जोडला आणि एवढंच ठेवलं, 'पठार राहिलं नाही, तिथे खाण आहे. फूल मिळालं ते इथे. काळ्या शाईतलं अक्षर माझं. निळं बाबांचं. ते जाऊन नऊ वर्षं झाली. आई आहे, माझ्याजवळ.' पाठवलं, आणि फोन पिशवीच्या तळाशी टाकून दिला, विंचू असल्यासारखा.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या नाही. आणि नुसतं तिलाच नाही. 'आगंतुक' कुणालाच काही सांगेनासा झाला. लोकांची फुलं नावांवाचून पडून राहिली. एका शाळामास्तरांनी लिहिलं, 'आगंतुक आजारी आहेत का, कुणाला माहीत आहे?' खाली कुणी काही लिहिलं नाही. तिने फोटो काढणं थांबवलं नाही, पण आता फोटोंना अर्थ नव्हता. कालव्याच्या कडेला ती उकिडवी बसायची आणि कशासाठी बसलोय ते विसरायची. जे थोडं होतं तेही आपल्या हाताने घालवलं. त्याला भिंतीवरचं फूल भिंतीवरच राहू द्यायला कळत होतं. मला नाही कळलं. कधी वाटायचं, तो रागावला. कधी वाटायचं, रागाची वेळ केव्हाच निघून गेली असेल, त्याला आता या कशाचं काहीच वाटत नसेल, आणि हे जास्त भयंकर होतं. एका बाईंच्या हाताचं हाड पडद्यावर बघताना तिला दिसलं की जुनं मोडलेलं हाड जुळलंय, पण वाकडं. बाईंना ठाऊकही नव्हतं की ते कधी मोडलं होतं. "लहानपणी पडलात का कधी?" तिने विचारलं. "आठवत नाही," बाई म्हणाल्या. "दुखत तर काहीच नव्हतं."

अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी ती पुलाखाली असताना पिशवीत फोन वाजला. निरोप होता. तिने तो उभ्यानेच वाचला, मग मातीच्या ढिगावर बसून पुन्हा वाचला.

'चिठ्ठी मोठी करून करून वाचली. काय लिहावं सुचेना म्हणून लिहिलं नाही. कुणाचीच फुलं बघवेनात. काल माझ्या मुलीला दाखवली. ती सोळा वर्षांची आहे. तिने निळी शाई वाचली आणि विचारलं, लिहिणारी म्हणजे कोण. मी म्हटलं, तुझी आत्या. मग विचारते, आत्या दिसते कशी. मला सांगता आलं नाही. मला चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगीच आठवते. तुझा एक फोटो पाठव. आईचाही, तिची हरकत नसेल तर.'

तिने फोन चाळला. आठ वर्षांचे फोटो होते त्यात, हजारांनी. पानं, देठ, लव, काटे, मुळं. तिचा स्वतःचा एकही नव्हता. फार तर एखाद्या फुलावर पडलेली तिची सावली. आत्या. हा शब्द तिला उद्देशून आजवर कुणी वापरलाच नव्हता. तो तिने पुलाखाली एकदा हळूच उच्चारून पाहिला आणि मग घराकडे निघाली, पळत नव्हती, पण जवळजवळ.

आई बाल्कनीत खुर्चीवर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होती. "आई," ती म्हणाली, "माझा एक फोटो काढ." "कशाला? पासपोर्टला?" "नाही. पाठवायचाय." "म्हणजे भेटलाय कुणीतरी," आई पेन्सिल खाली न ठेवता म्हणाली. "कुणाला पाठवायचाय?" तिला वाटलं होतं, आधी बसवावं, पाणी द्यावं, मग हळूहळू सांगावं. पण तोंडातून सरळच आलं. "दादाला."

आईने पेन्सिल खाली ठेवली. वर्तमानपत्राची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. "बरा आहे का?" आईने विचारलं. "बरा असावा. मुलगी आहे त्याला. सोळा वर्षांची." "कुठे असतो?" "ते अजून विचारलं नाही मी." आईने मान हलवली, जणू हे बरोबरच होतं, सगळं एकदम विचारायचं नसतं. मग हात पुढे केला. तिने फोन दिला. आईने तो डोळ्यांपासून लांब धरला, उलटा, मग सुलटा. "इकडे सरक. मागे वाळत घातलेलं दिसतंय. हं, आता हस जरा. हल्ली तर हसतेस बरी." तिने हसायचा प्रयत्न केला. ओठ ऐकत नव्हते. "आई," ती म्हणाली, "तुझाही मागितलाय त्याने. तुझी हरकत नसेल तर."

"असं लिहिलंय? हरकत नसेल तर?"

"हो."

"गाढव," आई म्हणाली. बराच वेळ ती फोनच्या काळ्या झालेल्या पडद्याकडे बघत राहिली. त्यात तिचाच चेहरा दिसत असणार. मग फोन तिने लेकीच्या हातात परत दिला, खुर्चीच्या हाताला धरून उठली, आणि म्हणाली, "थांब. अशीच थांब. मी केस विंचरून येते." आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग खण, मग दुसरा खण. फणी कुठे ठेवली जाते याबद्दल काहीतरी पुटपुटणं. ती कठड्याला टेकून उभी राहिली. ऊन समोरच्या घरांच्या वरच्या मजल्यांपर्यंत चढलं होतं. रोज या वेळी फोटो काढायची सवय असल्यामुळे ते आणखी किती वेळ पुरेल याचा तिला अंदाज होता.

"उजेड आहे ना गं अजून?" आईने आतून विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "पुष्कळ आहे. तू ये सावकाश."